कुर्ल्याची डॉज

यवतमाळचा कापूस मँचेस्टरला जात असे, त्या काळात त्या साऱ्या प्रवासातले एकच वाहन येथील माणसाच्या मालकीचे होते. ते म्हणजे बैलबंडी. शेतातला कापूस बंडीतून जिनापर्यंत जाई, तेथे सरकी वेगळी होऊन रुईच्या गाठी बांधल्या जात आणि तेथून पुढे वाहन बदले. यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरला जाणारी ११३ किलोमीटरची अरुंद रुळांची गाडी आपण ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने ओळखतो. तिची मालकी मात्र किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने १९१० मध्ये उभ्या केलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीकडे होती. मूर्तिजापूरपासून मुंबईपर्यंतची मोठी गाडी जी.आय.पी.ची. मुंबई बंदरात उभी असलेली आगबोटही बहुधा विलायती कंपनीची. पुढे खेड्यापाड्यांतून सर्व्हिस मोटारी धावू लागल्या, तेव्हा त्या फोर्ड किंवा शेवरोले असत, म्हणजे अमेरिकन. माल आपला आणि भाडे दुसऱ्याचे, असा हा व्यवहार होता.

बैलबंडीनंतरची ही सारी वाहने आपल्या देशात, आपल्या भांडवलावर बनावीत आणि चालावीत, या एका ध्यासात ज्याचे आयुष्य गेले तो माणूस विदर्भातला नव्हता. तो सोलापूरचा होता. शेठ वालचंद हिराचंद दोशी हे त्यांचे नाव. जहाज, विमान आणि मोटार या तिन्हींचे कारखाने उभारण्याचा खटाटोप एकाच माणसाने केल्याचे दुसरे उदाहरण आपल्याकडे सापडणे कठीण. त्यांतल्या जहाजाविषयी आणि विमानाविषयी बरेच लिहिले गेले आहे. येथे सांगायची आहे ती मुख्यतः मोटारीची गोष्ट. कारण मुंबई-पुण्याच्या जुन्या मोटारींच्या मेळाव्यात डॉज किंवा प्लायमाऊथच्या रुंद नाकाडाभोवती कौतुकाने उभी राहणारी तरुण मंडळी डेट्रॉइटचे नाव घेतात, वालचंदांचे घेत नाहीत.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणे मूळचे सौराष्ट्रातल्या वांकानेरचे, धर्माने दिगंबर जैन आणि व्यवसायाने व्यापारी. पिढ्यान्‌पिढ्या दख्खनेत राहिल्यामुळे मराठी ही त्यांची व्यवहाराची भाषा झालेली होती. वालचंदांचे शालेय शिक्षण सोलापुरात झाले, कॉलेजसाठी ते मुंबईला आणि पुण्याला गेले, पण पदवी काही घेतली नाही. घरचा व्यवहार सावकारीचा आणि कापूस-धान्याच्या दलालीचा. गादीवर बसून भाव पाहत राहणे या तरुणाच्या स्वभावात नव्हते. त्याला दगड, चुना, माती आणि माणसांचे तांडे असलेला धंदा हवा होता, आणि तो सोलापुरातच भेटला.

लक्ष्मणराव बळवंत फाटक हे रेल्वेत कारकुनी केलेले गृहस्थ. कंत्राटे कशी मिळतात, मोजमाप कसे होते, बिले कोठे अडतात याची त्यांना बारीक माहिती होती, भांडवल नव्हते. वालचंदांकडे घरचे भांडवल होते आणि धाडसही. १९०३ च्या सुमारास दोघांची भागीदारी झाली आणि पहिले काम हाती आले ते बार्शी लाइट रेल्वेच्या विस्ताराचे. बार्शीची ही गाडीही शकुंतलेसारखीच अडीच फुटी रुळांची आणि तिचीही कंपनी विलायतेतली. एका ब्राह्मण कारकुनाने आणि एका जैन सावकारपुत्राने मिळून कंत्राटदारी करावी, हे त्या काळी नातलगांना विचित्र वाटले असणार. पण ‘फाटक-वालचंद’ या नावाची जोडगोळी रेल्वेखात्यात चांगलीच नावारूपाला आली. पुढे १९२० मध्ये टाटांच्या घराण्याशी हातमिळवणी होऊन टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली. बोरघाटातले नवे रेल्वे बोगदे आणि तानसा तलावाचे पाणी मुंबईला आणणारे मोठे नळ ही या कंपनीची कामे. आज खंडाळ्याच्या बोगद्यातून जाताना ते कोणी खोदले हा प्रश्न फारसा कोणाच्या मनात येत नाही.

कंत्राटदार म्हणून वालचंद सुखाने श्रीमंत झाले असते. पण दुसऱ्याच्या रेल्वेसाठी रूळ टाकण्यात आणि आपली रेल्वे असण्यात काय अंतर आहे, हे त्यांना या धंद्यानेच शिकवले असावे. पहिल्या महायुद्धानंतर ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची ‘लॉयल्टी’ ही आगबोट विक्रीला असल्याचे त्यांना आगगाडीच्या प्रवासात कळले. मुंबईला पोहोचल्यावर नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांना त्यांनी या व्यवहारात ओढले. बोटीबरोबर नावही आले आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी जन्मास आली. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनकडे निघाली. तो दिवस आता राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. विलायती कंपन्यांनी भाडी खाली पाडून या नव्या कंपनीला बुडवण्याचा प्रयत्न केला. १९२३ मध्ये सिंदियाला पडते घेऊन मर्यादित वाहतुकीचा करार स्वीकारावा लागला, आणि खुद्द लॉयल्टी त्याच वर्षी मोडीत निघाली. कंपनी मात्र टिकली. नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर १९२९ मध्ये वालचंद तिचे अध्यक्ष झाले.

मधल्या काळातली त्यांची कामे येथे ओझरतीच सांगतो. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगावचा माळ, पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातले कळंब, म्हणजे आजचे वालचंदनगर. दोन्हीकडे खडकाळ जमिनीवर ऊस आणि साखर कारखाने उभे राहिले. रावळगावच्या गोळ्या तर आपल्यापैकी अनेकांच्या बालपणी खिशात असत. १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. हे सगळे असूनही त्यांच्या स्वभावात एक उणीव होती, तीही सांगायला हवी. एखादा उद्योग सुरू करून दिला की त्यांचे चित्त पुढच्या उद्योगाकडे धावे. मागचा गाडा भाऊ गुलाबचंद, रतनचंद आणि लालचंद यांनी आणि विश्वासू सहकाऱ्यांनी ओढायचा. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांची यात दमछाक होत असणार.

मोटारीचा विचार प्रथम त्यांचा नव्हता. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३५ मध्ये युरोप-अमेरिकेचा दौरा करून मोटार कारखान्याची योजना तयार केली होती. तेव्हा हिंदुस्थानात मोटारी जुळवल्या जात होत्या, बनत नव्हत्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना काढला होता. तेथे पेट्यांतून आलेले सुटे भाग जोडून शेवरोले बाहेर पडत. फोर्डचीही अशीच व्यवस्था होती. या कारखान्यांतल्या कामगारांना काम मिळे, हे खरे. पण इंजिन कसे ओततात, दातेरी चाके कशी कापतात, पोलादाचा पत्रा दाबून त्याला मोटारीचा आकार कसा देतात, ही विद्या पेटीतून येत नसे. विश्वेश्वरय्यांचे आणि वालचंदांचे म्हणणे असे, की ती विद्या येथे आली नाही तर पेट्या उघडण्यातच देशाची हयात जाईल.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले आणि या योजनेला पहिल्यांदा सरकारी दार उघडले. कारखान्याला काही काळ आधार देण्याची तयारी या मंत्रिमंडळाने दाखवली. त्या बळावर १९३९ मध्ये वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी झाली, पण तेथे एक वेगळीच अडचण होती. ब्रिटन वगळता ब्रिटिश साम्राज्याचा बहुतेक बाजार फोर्डने आपल्या कॅनडातल्या कंपनीकडे सोपवलेला होता आणि हिंदुस्थान त्यातच मोडे. म्हणजे साम्राज्याच्या सीमा डेट्रॉइटच्या हिशेबवहीतही होत्या! जनरल मोटर्सची शिवडीत दुकानदारी चालूच होती. तिने स्पर्धक कशाला उभा करावा? उरली तिसरी कंपनी. वॉल्टर क्रायस्लर यांनी १९२५ मध्ये स्थापन केलेली क्रायस्लर ही त्या तिघींत वयाने लहान होती, पण अल्पावधीत तिने डॉज विकत घेऊन प्लायमाऊथ, डी सोटो आणि फार्गो ही नवी नावे बाजारात आणली होती. हिंदुस्थानात गमावण्यासारखे तिचे फारसे काही नव्हते. म्हणूनच ती बोलायला तयार झाली. १९४० मध्ये तिच्याशी करारही झाला.

पण तोवर जग बदलले होते. १९३९ च्या सप्टेंबरात दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि नोव्हेंबरात प्रांतिक काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबईचा आधार गेला. युद्धामुळे वालचंदांनी परतीसाठी पॅसिफिक महासागरावरून जाणारे ‘चायना क्लिपर’ हे विमान धरले, आणि त्या विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थाशी पडली. पॉली चीनमध्ये विमाने जुळवण्याचा कारखाना चालवत. मोटारीसाठी गेलेला माणूस विमानाचा बेत घेऊन परतला. २३ डिसेंबर १९४० रोजी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली आणि जुलै १९४१ मध्ये तिचे पहिले हार्लो शिकाऊ विमान तयार झाले. सरकारला युद्धासाठी विमाने हवी होती, म्हणून येथे परवानगी मिळाली. जपानी फौजा जवळ येताच, एप्रिल १९४२ मध्ये, सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन त्यांना बाजूला केले. आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स ही त्याच कारखान्याची वारस आहे.

मोटारीच्या बाबतीत सरकारची भूमिका नेमकी उलटी पडली. हा कारखाना उभा राहायला वेळ लागेल, चालू युद्धात त्याचा उपयोग नाही, सबब त्याला यंत्रसामग्री, परकीय चलन वा मागणीची हमी देता येत नाही, असे दिल्लीचे उत्तर होते. म्हैसूर संस्थान या कारखान्यातही भागीदार व्हायला तयार होते. तेही दिल्लीला मान्य झाले नाही. ज्या काळात अमेरिकेहून लष्करासाठी ट्रक बोटींनी येत होते, त्याच काळात ट्रक बनवू पाहणाऱ्याला युद्धोपयोगी नाही म्हणून परत पाठवले गेले. वालचंदांना याचा संताप आला यात नवल नाही.

तरीही त्यांच्या मागणीकडे डोळस नजरेने पाहायला हवे. त्यांना हमी हवी होती. सरकारने मोटारी घ्याव्यात, नुकसानीत आधार द्यावा, बाहेरच्या मालावर जकात बसवावी. स्वदेशी आणि नफा या दोन गोष्टी त्यांच्या मनात कधी वेगळ्या नव्हत्या, आणि त्यांनी तसा आवही आणला नाही. टीकाकार म्हणत, की देशाभिमानाच्या नावाखाली शेठजींना बिनजोखमीचा धंदा हवा आहे. या आरोपात काही तथ्य आहे. पण जपान घ्या, जर्मनी घ्या, कोणत्या देशातला मोटार उद्योग सरकारचा हात न धरता उभा राहिला? हात धरायला आपलेच सरकार नव्हते, हा खरा प्रश्न होता. वालचंद राजकारणी नव्हते, पण त्यांची लढाई शेवटी तेथेच येऊन थांबत असे.

१९४१ च्या २१ जूनला विशाखापट्टणम येथे सिंदियाच्या जहाज कारखान्याची कोनशिला डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये जपानी विमानांनी त्या बंदरावर बॉम्ब टाकले. जहाज, विमान आणि मोटार अशा तिन्ही आघाड्यांवर एकाच वेळी अडथळे उभे असताना साठीचा हा माणूस खचला नाही. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी नोंदवली. मुंबईबाहेर कुर्ल्याला जागा घेतली. युद्ध संपले, यंत्रे येऊ लागली आणि १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या वर्षी, कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या नावांची वाहने बाहेर पडू लागली. डॉज आणि फार्गो ट्रक, डॉज, प्लायमाऊथ आणि डी सोटो मोटारी.

ती मोटार कशी होती? पन्नाशीच्या आरंभीची डॉज किंग्जवे डोळ्यांसमोर आणावी. जवळजवळ ३.६ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन. त्याच्या झडपा वर नव्हे, बाजूला असत. त्यामुळे इंजिनाचे डोके सपाट. शक्ती शंभर अश्वांच्या आतबाहेर. ही मोटार धावायची कमी आणि ओढायची अधिक. तिसऱ्या गियरमध्ये टाकली की गर्दीतही ती गुरगुरत, बंद न पडता चाले. पुढच्या बाकावर तिघे, मागे तिघे-चौघे, मुले वेगळी. मुंबईत लहान टॅक्सी आणि मोठी टॅक्सी असा भेद असे आणि लग्नकार्याला मोठी टॅक्सी करणे ही प्रतिष्ठेची बाब होती. गंमत अशी, की डॉज किंग्जवे ही खास अमेरिकेबाहेरच्या बाजारांसाठी बनवलेली मोटार. अंग प्लायमाऊथचे आणि चेहरा डॉजचा. डी सोटो डिप्लोमॅटचेही तसेच. एकाच साच्यातून तीन नावे काढण्याची ही क्रायस्लरची व्यापारी युक्ती. तिच्यामुळे आजचे शौकीन तासन्‌तास वाद घालतात, की समोरच्या मोटारीची कोणती जाळी अस्सल आणि कोणती दुसऱ्या मोटारीची उसनी.

आता वालचंदांना अडचणीत आणणारा प्रश्न. कुर्ल्यात सुरुवातीला होत होते ते शिवडीपेक्षा वेगळे होते काय? पेट्या येथेही येत होत्या. भाग येथेही जोडले जात होते. ज्या जुळवाजुळवीवर त्यांनी आयुष्यभर टीका केली, तिनेच त्यांचा कारखाना सुरू झाला. फरक होता तो हेतूचा, आणि हेतू कारखान्याच्या भिंतीवर दिसत नाही. काही वर्षे तरी लोकांना तो दिसला नाही. प्रीमियरने हळूहळू भाग येथे बनवायला घेतले, पण महिन्याला मूठभर खपणाऱ्या भल्यामोठ्या मोटारीचे पत्रे दाबण्यासाठी साचे करणे परवडणारे नव्हते. अमेरिकेत हाच साचा लाखो मोटारींवर खर्ची पडे. स्वस्त पेट्रोल, सरळ रुंद रस्ते आणि लाखो गिऱ्हाईक ही त्या मोटारीमागची तीन गृहीते होती, आणि त्यांतले एकही येथे खरे नव्हते. वालचंदांनी क्रायस्लरची निवड केली ती मोटार आवडली म्हणून नव्हे. विद्या द्यायला दुसरे कोणी तयार नव्हते म्हणून. पण विद्येबरोबर मोटारीचा आकारही आला.

या चुकीची दुरुस्ती त्यांच्या हयातीत सुरू झाली. १९५०-५१ च्या सुमारास इटलीच्या फियाटशी संबंध जुळले आणि छोटी फियाट ५०० कुर्ल्यात बनू लागली. वालचंद स्वतः मात्र तोवर थकले होते. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि १९५० मध्ये त्यांनी कामकाजातून निवृत्ती घेतली. त्याआधी, १४ मार्च १९४८ रोजी, विशाखापट्टणमच्या कारखान्यात बनलेली ‘जलउषा’ पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलेली पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले. १९५२ मध्ये तो कारखानाही सरकारच्या ताब्यात जाऊन हिंदुस्थान शिपयार्ड झाला. म्हणजे विमान परक्या सरकारने घेतले, जहाज स्वकीय सरकारने. घराण्याच्या हाती राहिली ती मोटार. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे वालचंदांचे देहावसान झाले. अखेरच्या आजारात पत्नी कस्तुरबाई त्यांच्या सोबत होत्या.

त्याच वर्षी टॅरिफ कमिशनचा मोटार उद्योगावरील अहवाल आला. जे कारखाने टप्प्याटप्प्याने भाग येथे बनवतील त्यांनीच राहावे, नुसती जुळवाजुळव करणाऱ्यांनी जावे, असे धोरण ठरले. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी आपले येथील कारखाने बंद केले. वालचंदांनी पंधरा वर्षे दिल्लीकडे जे मागितले होते, ते त्यांच्या मृत्यूच्या वर्षी मिळाले. लालचंद हिराचंदांच्या नेतृत्वाखाली प्रीमियरने १९५४ पासून फियाट ११०० हाती घेतली. १,०८९ सीसीचे तिचे इंजिन डॉजच्या इंजिनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेही नव्हते. तीच मोटार पुढे सत्तरच्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली, आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पर्यंत टिकली. कुर्ल्यातील अमेरिकन मोटारी पन्नासचे दशक सरता सरता मागे पडत गेल्या.

आणि नेमक्या याच क्षणी अमेरिकेत त्यांच्या बहिणींना अंगात वारे भरले. १९६४ मध्ये पाँटियाकची जीटीओ आली: मध्यम आकाराच्या मोटारीत मोठे आठ सिलिंडरचे इंजिन बसवायचे आणि ती तरुणांना परवडेल अशा किमतीत विकायची, एवढीच कल्पना. तिलाच पुढे ‘मसल कार’, म्हणजे पिळदार स्नायूंची मोटार, हे नाव पडले. क्रायस्लरच्या घरात प्लायमाऊथ बाराकुडा, डॉज चार्जर, प्लायमाऊथ रोड रनर अशी एकाहून एक भावंडे निघाली. हेमी नावाचे सात लिटरचे इंजिन ४२५ अश्वशक्तीचे म्हणून जाहीर होत असे. कुर्ल्याच्या डॉजच्या चौपटीहून अधिक! धूर आणि विमा यांचे कडक नियम आणि १९७३ चे तेलसंकट यांनी दहा वर्षांत हा तमाशा संपवला. पण अमेरिकेत या मोटारींचे वेड आजही एका पंथासारखे जपले जाते. हिंदुस्थानात त्या येऊ शकल्या नाहीत. परकीय चलनाची टंचाई आणि आयातीचे परवाने यांच्या भिंतीपलीकडे त्या राहिल्या. आपल्या शौकिनांच्या वाट्याला आल्या त्या त्यांच्या थोरल्या, संथ, सपाट डोक्याच्या बहिणी.

या बहिणींचेही हाल कमी झाले नाहीत. पेट्रोल महाग झाल्यावर अनेक डॉज-प्लायमाऊथांची मूळ इंजिने काढून त्यांत डिझेलची इंजिने बसवली गेली. मोटार टॅक्सी म्हणून जगली, पण तिचा आवाज गेला. पुढे दारे गंजली, जाळ्या भंगारात गेल्या, आणि उरलेली धूड कुठे गोठ्याच्या आडोशाला, कुठे गॅरेजच्या मागे कोंबड्यांची घरटी होऊन राहिली. गेल्या काही दशकांत त्यांचा शोध घेणारी माणसे निपजली, ही आनंदाची गोष्ट. यांत पूर्वीचे संस्थानिक आहेत, उद्योगपती आहेत, आणि महिन्याच्या पगारातून एकेक खिळा जमवणारे मध्यमवर्गीयही आहेत. या शेवटच्या मंडळींबद्दल प्रस्तुत लेखकाला अधिक आदर आहे. एक कार्ब्युरेटर मिळवण्यासाठी ते तीन शहरांचे भंगारबाजार पालथे घालतात, आणि अमेरिकेतल्या अनोळखी समव्यसनी माणसाशी गॅस्केटच्या मापावरून मैत्री जोडतात. जुना मिस्त्री हा त्यांचा खरा गुरू. पत्रा ठोकून मडगार्डची गोलाई हाताने काढणारा कारागीर आता विरळा झाला आहे.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. अशा मोटारीला मूळ स्वरूपात राखले असेल, तिच्यात भलते फेरफार केले नसतील, तर ‘व्हीए’ या अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये आहे आणि ती दहा वर्षे चालते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला मात्र ती मोटार रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणे यासाठीच बाहेर काढता येते. कुर्ल्याच्या साऱ्या डॉज आणि प्लायमाऊथ वयाने या नियमात बसतात. अडते ते मूळ स्वरूपाच्या अटीवर, कारण डिझेल इंजिन बसवलेली मोटार मूळ कशी म्हणायची? म्हणून सपाट डोक्याचे ते सहा सिलिंडरचे इंजिन, चालू असो वा जाम झालेले, शौकिनांच्या बाजारात हातोहात जाते.

सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला १९५५ पासून वालचंदांचे नाव आहे. २००४ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीटही काढले. कुर्ल्यातला कारखाना राहिला नाही, तेथे आता इमारती आहेत. रस्त्याचे नाव तेवढे प्रीमियर रोड असेच चालू आहे, आणि रिक्षावाल्याला ते सांगितले की तो बरोबर नेऊन सोडतो.